आधी तिचा दिवस लिहा, मग खोल्या मोजा

पत्राचा सारांश: पत्र एका 63 वर्षांच्या आईचं आहे. त्यांच्या 31 वर्षांच्या मुलीला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. ती बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर वापरते. पलंगावरून खुर्चीत येताना एकाच्या आधाराने क्षणभर उभी राहू शकते. तिचं बोलणं घरच्यांनाच कळतं, इतरांशी ती मांडीवरच्या अक्षरफलकावर बोट ठेवून बोलते. रोज तीन तास संगणकावर मजकूर तपासण्याचं काम करते. लहानपणी फिट्स यायच्या, गेल्या 12 वर्षांत एकही आलेली नाही. तिला उचलून 67 वर्षांच्या वडिलांची पाठ धरली आहे. आईवडिलांनी दोन ठिकाणं पाहिली. एक 28 जणांचं निवासी केंद्र, चोवीस तास नर्स, माणसाला उचलून हलवणारं यंत्र (हॉइस्ट) आणि फिजिओथेरपीची खोली असलेलं. दुसरं तळमजल्यावरचं तिघांचं घर. तिथली एक खोली रिकामी झाली आहे, दिवसा दोन मदतनीस असतात आणि रात्री एकजण असतो. उत्तर द्यायला 15 दिवस आहेत. केंद्र पाहून आल्यावर मुलीने फलक ढकलून दिला आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. आई विचारतात: "आमच्यानंतर तिचं काय, या भीतीने झोप लागत नाही. सुरक्षितता बघू की तिचा मूड? की घरातच बदल करून घ्यावेत? यातलं कायमचं योग्य ठिकाण कोणतं?"

उत्तर:

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात वडिलांची पाठ आहे, नातेवाइकांची मतं आहेत, दोन्ही ठिकाणांची बारीक वर्णनं आहेत. मुलीला काय हवं, याबद्दल मात्र एकच नोंद आहे: तिने फलक ढकलला. तुम्ही त्याला मूड म्हणता. मला ते उत्तर वाटतं, फक्त कोणत्या प्रश्नाचं ते अजून कुणी तपासलेलं नाही. तिला ते केंद्र आवडलं नाही? घर सोडायचंच नाही? की त्या भेटीत सगळे तिच्या डोक्यावरून तुमच्याशीच बोलत राहिले, याचा राग आला? या तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत आणि पुढची पावलंही वेगळी पडतील.

संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात, जो 2006 साली स्वीकारला गेला, कलम 19 याच गोष्टीबद्दल आहे: आपण कुठे आणि कुणासोबत राहायचं हे निवडण्याचा हक्क इतरांइतकाच अपंग व्यक्तीलाही आहे, आणि विशिष्ट ठिकाणी राहण्याची सक्ती तिच्यावर नसावी. करार बाजूला ठेवला तरी अनुभवाची गोष्ट उरतेच. ज्याला विचारलेलं नसतं, तो माणूस सगळ्या सोयींच्या जागेतही खंगतो.

तिला विचारताना "तुला तिथे राहायचं का?" असा एकच मोठा प्रश्न टाकू नका. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातांवर अवलंबून असलेली माणसं समोरच्याला बरं वाटावं म्हणून पटकन "हो" म्हणतात. प्रश्न तोडून घ्या. खोलीचं दार आतून बंद करता यावं का? सकाळी उठायची वेळ कोण ठरवेल? अंघोळीला बाईच मदतनीस हवी का? जेवताना सोबत हवी की शांतता? ठिकाणांचे फोटो काढा, फलकावर "हवं", "नको", "माहीत नाही" असे तीन रकाने करा आणि तेच फोटो चार दिवसांनी, वेगळ्या वेळी, क्रम बदलून पुन्हा दाखवा. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं तर ते पक्कं धरा. "माहीत नाही" हा रकाना ठेवाच. तो नसला की अंदाजाने बोट ठेवलं जातं. आणि एकदा तरी हे प्रश्न तुमच्याऐवजी तिच्या ओळखीच्या दुसऱ्या कुणी विचारावेत, म्हणजे आईला दुखवायचं नाही हा भार तिच्यावर राहणार नाही.

आता नर्सबद्दल. चोवीस तास नर्स म्हणजे सुरक्षितता, असं तुम्ही गृहीत धरलं आहे. तिला नर्स नेमकी कशासाठी लागेल? श्वासाचं यंत्र असेल, पोटातल्या नळीने अन्न द्यावं लागत असेल, फिट्स वारंवार येत असतील, तर हा प्रश्न पहिला. तुम्ही लिहिलेल्यावरून तिच्याकडे यातलं काही नाही. स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं औषध वेळेवर देणं, ठसका लागू नये म्हणून ताठ बसवून भरवणं, कूस बदलून देणं, ही कामं नीट शिकवलेला मदतनीस करतो. उलट 28 जणांमागे नर्स एक असेल, तर ती तिच्या वाट्याला दिवसातून किती मिनिटं येणार? तरीही तिच्या डॉक्टरांकडून एक ओळ लेखी घ्या: नर्सनेच करायला हवं असं कोणतं काम आहे आणि फिट आलीच तर मदतनीसाने काय करायचं.

त्यासाठी आधी तिचा दिवस कागदावर उतरवा. सलग सात दिवस, चोवीस तास. कोणत्या वेळी काय मदत लागली, किती माणसं, किती मिनिटं. उदाहरणार्थ: "सकाळी 6.40, कमोड, एक माणूस, 25 मिनिटं. रात्री 2.15, कूस बदलली, 5 मिनिटं." रात्रीच्या नोंदी टाळू नका. आई झोपेतच उठून कूस बदलून येते आणि ते काम आहे हे तिच्या लक्षातच राहत नाही. जागा शोधताना फसगत होते ती बहुतेकदा अशाच न लिहिलेल्या मदतीमुळे. ही वही दोन्ही ठिकाणच्या व्यवस्थापकांसमोर ठेवा आणि प्रत्येक ओळीवर विचारा, "हे इथे कोण करेल?" गुळगुळीत उत्तर आलं की नाव आणि पाळी विचारा.

मग मोजमाप. "इथे सगळं व्हीलचेअरला सोयीचं आहे" हे वाक्य कुणाच्याही तोंडून ऐकून घ्या, पण मेजर टेप खिशात ठेवा. आधी तिची खुर्ची मोजा, ती तिच्यात बसलेली असताना. लांबी पायांच्या बोटांपर्यंत धरा, कारण पाय खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीपुढे येतात आणि भिंतीला पहिले तेच लागतात. वळायला साधारणपणे 150 सेंटीमीटर व्यासाची मोकळी जागा सांगितली जाते, पण ती हाताने चालवायच्या खुर्चीच्या हिशेबाने. बॅटरीच्या खुर्चीला अनेकदा 180 किंवा त्याहून जास्त लागते. घरी मोकळ्या फरशीवर तिला पूर्ण गोल फिरू द्या, खडूने खूण करा आणि तोच आकडा घेऊन जा.

दाराची रुंदी चौकटीत मोजू नका. दार 90 अंशात उघडा आणि दाराच्या पानापासून समोरच्या चौकटीपर्यंतचं मोकळं अंतर घ्या. पानाची जाडी आणि बिजागरी मिळून चार-पाच सेंटीमीटर जातात, म्हणून "90 चं दार" प्रत्यक्षात 85 चं निघतं. अरुंद बोळातून काटकोनात वळून आत जायचं असेल तर तेही कमी पडतं. बोळ 120 सेंटीमीटरपेक्षा अरुंद असेल तर तिने स्वतः चालवून आत-बाहेर करून दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. उंबरठा सव्वा सेंटीमीटरहून उंच नसावा. बाहेरच्या उतारासाठी 1:12 हे प्रमाण लक्षात ठेवा: 15 सेंटीमीटर चढायचं तर उतार किमान 180 सेंटीमीटर लांब हवा आणि वर दारासमोर 150 सेंटीमीटरचा सपाट भाग हवा, नाहीतर दार उघडेपर्यंत खुर्ची मागे घसरते. सुटा, उचलून ठेवायचा उतार दाखवला तर त्याची भारमर्यादा वाचा. बॅटरीची खुर्ची एकटीच बऱ्याचदा 100 किलोच्या पुढे असते.

बाथरूममध्ये जास्त वेळ काढा. घर पाहायला गेलेले लोक तिथे डोकावून परत येतात, आणि रोजची झटापट नेमकी तिथेच होते. कमोडच्या एका बाजूला खुर्ची लावायला 90 सेंटीमीटर मोकळी जागा आहे का? बसण्याची उंची 45 ते 48 सेंटीमीटरच्या आसपास आणि तिच्या खुर्चीशी जवळपास समतल आहे का? चाकांची शॉवर खुर्ची कमोडवर सरकवायची असेल तर ती कमोडवरून जाते का, हे प्रत्यक्ष सरकवून पाहा, कारण एका सेंटीमीटरनेही अडतं. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. आत उघडणारं असलं आणि ती दारापाशीच पडली, तर मदतीला आलेल्याला दार उघडता येत नाही. आधाराची दांडी भिंतीच्या टाइलला लावलेली सुंदर दिसते, पण मागे पोकळ विटा किंवा पातळ पार्टिशन असेल तर तिचा भार आल्यावर स्क्रूसकट निघून येते. दांडी दोन्ही हातांनी धरून आपलं वजन टाकून पाहा आणि भिंत कशाची आहे ते विचारा. फरशीचा उतार पाणी वाहण्यापुरताच असावा. जास्त असला तर शॉवर खुर्ची तिरकी होते आणि ताठर स्नायूंची व्यक्ती एका बाजूला कलंडते.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आज ती आधाराने उभी राहते. सेरेब्रल पाल्सीत मेंदूची इजा वाढत नसली तरी सांधे आणि स्नायू लवकर झिजतात. तिशी-चाळिशीतच थकवा आणि दुखणं वाढून उभं राहणं सुटलेले अनेकजण असतात. म्हणून जागा आजच्या मुलीसाठी मोजू नका. ती उभी राहू शकत नाही असं धरून मोजा. तेव्हा उचलायला हॉइस्ट लागेल. चाकांच्या हॉइस्टचे पाय पलंगाखाली जावे लागतात, त्यासाठी सुमारे 15 सेंटीमीटर मोकळी जागा हवी. पेटीपलंग असेल तर हॉइस्ट निरुपयोगी. पलंगाच्या एका बाजूला हॉइस्ट, खुर्ची आणि मदतनीस एकत्र मावतील अशी दीड मीटर जागा लागते. छतावरच्या रुळाचा हॉइस्ट जागा वाचवतो, पण त्या छताला तो भार झेपेल हे अभियंत्याने लेखी सांगायला हवं. केंद्रात हॉइस्ट आहे असं तुम्ही लिहिलं आहे. तो चार्जिंगला लावलेला होता की कोपऱ्यात धूळ खात होता? शेवटच्या तपासणीची तारीख त्यावर होती का? तिच्या मापाची स्लिंग, म्हणजे उचलताना अंगाखाली घालायची झोळी, आहे का? दुसऱ्याच्या मापाच्या स्लिंगमधून माणूस निसटतो.

दिव्याची बटणं, खिडकीची कडी, कपाटाचे कप्पे हे नंतर बदलता येतं, त्यावरून जागा नाकारू नका. पलंगाजवळ खुर्ची चार्ज करायला सॉकेट आहे एवढं पाहा. बॅटरीला बहुतेक अख्खी रात्र लागते.

रात्रीकडे वळू. "रात्री एकजण असतो" या वाक्यात दोन वेगळ्या व्यवस्था लपतात: जागा राहणारा आणि झोपणारा. झोपणाऱ्याला हाक मारावी लागते, आणि तुमच्या मुलीचं बोलणं परक्याला कळत नाही. म्हणजे सगळं घंटीवर आलं. घंटीचं बटण तिच्या मुठीने दाबता येईल एवढं मोठं आहे का, कूस बदलल्यावरही ते हाताशी राहतं का, बाथरूममधली घंटीची दोरी जमिनीपर्यंत येते का, वीज गेली तर घंटी वाजते का? पाहायला गेलात की परवानगी घेऊन घंटी दाबा आणि घड्याळ लावा. दिवसा पाच मिनिटं लागली तर रात्रीचा अंदाज तुमचा तुम्हाला येईल. तुमच्या वहीत रात्री दोनपेक्षा जास्त नोंदी असतील, तर झोपणारा मदतनीस पुरणार नाही. दोन-तीन आठवड्यांत तो दमेल किंवा उठणं सोडून देईल.

आगीचंही विचारा. लिफ्ट अशा वेळी वापरता येत नाही, म्हणून तळमजल्याचं घर इथे खूप पुढे आहे. केंद्रात तिची खोली कोणत्या मजल्यावर, आणि रात्रीच्या कमी माणसांत 28 जणांना कोण, कोणत्या क्रमाने बाहेर काढणार? "दिवसा सराव झाला आहे" हे उत्तर अपुरं आहे.

आणखी एक गाठ सोडवायला हवी. राहण्याची जागा आणि मदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण दोन्ही तुम्हाला एकाच पाकिटात मिळत आहेत. जागा आणि मदतनीस एकाच संस्थेचे असले की मदतीबद्दल तक्रार करताना छप्पर जाईल अशी भीती वाटते, आणि माणसं गप्प बसतात. म्हणून करार वेगवेगळे आहेत का ते पाहा. नसतील तर हे लेखी मागा: मदत देणारे बदलले तर खोली राहील का, ती रुग्णालयात गेली तर खोली किती दिवस राखली जाईल, तिची गरज वाढली तर जास्तीचे तास कोण देणार, की तिलाच जायला सांगणार, बाहेर काढायचं झाल्यास किती दिवसांची सूचना. गरज वाढल्यावर काय, हा मुद्दा तोंडी कधीच सोडू नका. दोन्ही ठिकाणी पाहुण्यांच्या वेळा, दाराची कडी आणि झोपायची वेळ यांचे नियमही वाचा. जिथे सगळे एकाच वेळी उठतात आणि झोपतात, तिथे तिच्या कामाचे तीन तास टिकणं अवघड आहे.

तिघांच्या घराची खोली रिकामी का झाली, हे विचारलंत का? आधीची व्यक्ती स्वतःहून दुसरीकडे गेली, वारली, की जमलं नाही म्हणून गेली? आणि ते दोघे कसे आहेत? सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेकांना अचानक आलेल्या मोठ्या आवाजाने सगळं शरीर दचकून ताठ होतं. सोबत राहणाऱ्याला रात्री ओरडण्याची सवय असेल, तर ते माणूस कितीही प्रेमळ असलं तरी तिच्या स्नायूंना रोज त्रास होईल. त्या दोघांनाही ही नवी मुलगी हवी आहे का, हेही विचारायला हवं. घर त्यांचंही आहे.

घरातच बदल करण्याच्या पर्यायाबद्दल मी स्पष्ट बोलते. बाथरूम मोठं केल्याने, उतार बांधल्याने तुमची झोप उडवणारा प्रश्न सुटत नाही, कारण मदत करणारे हात तुमचेच राहतात. बाहेरचा मदतनीस येणार असेल, आणि तुमच्यानंतरही त्या घरात येत राहील अशी सोय होणार असेल, तरच तो खरा पर्याय. पण निर्णय काहीही होवो, दोन गोष्टी याच आठवड्यात करा. वडिलांनी उचलणं आजपासून थांबवावं. ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामं सोपी कशी करायची हे शिकवणाऱ्या तज्ज्ञाला) घरी बोलावून हॉइस्ट किंवा पलंगावरून खुर्चीत सरकवायची सरकपट्टी वापरायला शिकून घ्या. आणि रोज दोन तास तरी बाहेरचा मदतनीस लावा. ज्या व्यक्तीला 31 वर्षं फक्त आईच्या हातची अंघोळ माहीत आहे, तिला नव्या जागेत जागेपेक्षा परका हात जास्त बोचतो. ती सवय तुमच्या घरात, तुम्ही शेजारच्या खोलीत असताना लागू दे.

15 दिवसांबद्दल: मुदत वाढवून मागा, लेखी, कारण देऊन. तिला आधी दिवसभर, मग एक रात्र, मग दोन रात्री, मग सलग दोन आठवडे राहू द्या. एका रात्रीनंतर घाईने निकाल लावू नका, नव्या पलंगावर पहिली रात्र कुणालाच झोप लागत नाही. रोज वहीत झोप, जेवण, पोट साफ होणं, पाठीवर किंवा बसण्याच्या जागी लाली आणि फलकावर तिने आपणहून सांगितलेली वाक्यं लिहून ठेवायला सांगा. शेवटची नोंद सगळ्यात बोलकी असते. तिने आपणहून बोलणं सोडलं, तर तिथे फलक वाचायला कुणी थांबत नाही असं समजा. असं राहून पाहायला जे ठिकाण नकार देतं, तिथे खोली रिकामी राहिलेली बरी.

सोबत एक पानी माहिती द्या, जास्त नको, जास्त कुणी वाचत नाही. "हो" आणि "नाही" ती कशी दाखवते, बोट ठेवायला तिला किती वेळ लागतो, तिचं वाक्य मध्येच पूर्ण करू नये, भरवताना मान कशी हवी, कुठे धरलं की दुखतं. मजकूर तिनेच तपासावा. ते तर तिचं कामच आहे.

"कायमचं" हा शब्द या प्रश्नातून काढून टाका. तीन महिन्यांनी तिच्यासकट सगळ्यांनी बसून पाहायचं आणि नंतर दरवर्षी, असं करारातच लिहून घ्या. परतण्याची वाट उघडी आहे हे माहीत असलं की माणूस निर्धास्तपणे राहून पाहतो. "मुलीला बाहेर ठेवलं" असं नातेवाईक म्हणतील. तुम्ही दोघं उभे आहात, फोन उचलू शकता, चूक झाली तर धावत जाऊ शकता, तेव्हाच ती नव्या जागेत रुळणं चांगलं की एखाद्या रात्री रुग्णालयातून थेट मिळेल तिथे हलवलेली चांगली, हे त्यांना विचारा.

मला विचाराल तर माझा कल तिघांच्या घराकडे आहे, तीन अटींवर: रात्री जागा राहणारा मदतनीस, नाहीतर तिच्या मुठीने वाजणारी आणि वेळेत उत्तर मिळणारी घंटी, हॉइस्ट मावेल एवढी खोली, आणि त्या दोघांची आणि तिची एकमेकांना पसंती. यातली एक जरी अट बसली नाही तर ती खोली सोडून द्या, केंद्राकडे धावू नका, शोध चालू ठेवा. डॉक्टरांच्या लेखी ओळीत नर्सचं काम खरंच निघालं, तर मात्र माझं मत बदलेल.

पुढच्या भेटीला तिला पुढे जाऊ द्या, तुम्ही दोघं मागे राहा. व्यवस्थापकांना आधीच फोन करून सांगा की प्रश्न तिला विचारायचे आणि उत्तरासाठी थांबायचं. आणि निघण्यापूर्वी फलकावर दोन नवे शब्द मोठ्या अक्षरांत चिकटवा: "थांबा" आणि "आता घरी जाऊया". दुसऱ्यावर तिने बोट ठेवलं, तर त्याच क्षणी निघा.